बॅकअपचं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ वडोदऱ्यात अकोट्याला, तळमजल्यावर राहतात. घरात एक डेस्कटॉप, विंडोज ११. त्यात ५०० जीबीची एसएसडी, २ टीबीची हार्ड डिस्क आणि जुन्या मशीनमधून काढून लावलेली १ टीबीची आणखी एक. एसएसडीवर विंडोज आणि पत्नीचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), २ टीबीवर घरातले फोटो-व्हिडिओ (साधारण १.१ टीबी), जुन्या डिस्कवर वडिलांनी वर्षानुवर्षं केलेलं मराठी टाइपसेटिंगचं काम (साधारण ४०० जीबी). ‘तिन्ही ड्राइव्हचा एका झटक्यात बॅकअप घेईल असं चांगलं, शक्यतो फुकट सॉफ्टवेअर कोणतं? की पैसे देऊन एखादं घ्यावं? माझ्याकडे २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क पडून आहे.’

नावं सांगणार आहे, पण आधी प्रश्नच जरा सरळ करून घेऊ. ‘तिन्ही ड्राइव्ह एका झटक्यात’ ही अट तुम्ही सोयीसाठी घातली आहे, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. मी इथे घरांतले आणि छोट्या ऑफिसांतले कॉम्प्युटर सांभाळतो. बॅकअप घेऊन द्या म्हणून फार कमी लोक येतात. बहुतेक येतात ते गेलेलं परत मिळवायला. तेव्हा ‘माझे तीन ड्राइव्ह परत द्या’ असं कुणी म्हणत नाही. ‘टॅलीमधली कंपनी उघडत नाही’, ‘मुंजीचे फोटो कुणीतरी डिलीट केलेत’, ‘मशीन सुरूच होत नाही आणि उद्या रिटर्न भरायचं आहे’, अशी वाक्यं असतात. पहिल्याला कालची प्रत लागते, दुसऱ्याला कदाचित सहा महिन्यांपूर्वीची, आणि तिसऱ्याला विंडोजसकट सगळं दोन-तीन तासांत उभं करून हवं असतं. तुमच्या तीन ड्राइव्हवर नेमकी ही तीन वेगळी प्रकरणं बसली आहेत. म्हणून काय परत हवं, किती मागचं हवं आणि ते परत आणायला कोण बसणार, हे ठरलं की सॉफ्टवेअर जवळजवळ आपोआप ठरतं.

त्याआधी एक खात्री करून घ्या: ते खरंच तीन ड्राइव्ह आहेत ना? तुमच्या बाबतीत वर्णनावरून तसं दिसतंय, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे मशीन जुळवून देणारे एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडून देतात. मग लोक डीमधलं ईमध्ये कॉपी करून निश्चिंत होतात. ‘बधुं डी मां छे, साहेब, ने ई मां पण छे’ हे मी गुजराती आणि मराठी दोन्ही घरांत सारख्याच आत्मविश्वासाने ऐकलं आहे. कपाटाच्या वरच्या खणातले कागद खालच्या खणात ठेवण्यासारखं आहे ते. कपाट जळलं की दोन्ही गेले. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ अशा आडव्या ओळी दिसतील. एक ओळ म्हणजे एक खरी डिस्क. एका ओळीत कितीही अक्षरं असली तरी ती एकत्रच मरतात.

त्याच खिडकीत आणखी एक गोष्ट बघा, कारण अनेक ड्राइव्ह असलेल्या मशीनमधला सगळ्यात छुपा सापळा तिथे आहे. ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ असं लिहिलेला १०० एमबीच्या आसपासचा छोटा तुकडा कोणत्या डिस्कवर आहे? तो एसएसडीवर, विंडोजच्या शेजारी असायला हवा. पण नवीन एसएसडीवर विंडोज टाकताना जुन्या डिस्का जोडलेल्याच राहिल्या असतील, तर इन्स्टॉलर अनेकदा जुन्या डिस्कवर आधीपासून असलेलं ईएफआय पार्टिशनच वापरतो. म्हणजे विंडोज एसएसडीवर, आणि ते सुरू करणारा भाग दहा वर्षं जुन्या डिस्कवर. मशीन व्यवस्थित चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. ज्या दिवशी ती जुनी डिस्क बसते, त्या दिवशी ठणठणीत एसएसडी असूनही मशीन उठत नाही. आणि तुम्ही फक्त सी ड्राइव्हची इमेज (विंडोजसकट जशीच्या तशी प्रत) घेतलेली असेल, तर ती नव्या एसएसडीवर परत टाकूनही मशीन बूट होत नाही. तुमची तिसरी डिस्क जुन्या मशीनमधली आहे, म्हणून हे आवर्जून तपासा. तसं निघालं तर बॅकअपच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी ते पार्टिशन एसएसडीवर तयार करून घ्या. ‘बीसीडीबूट’ या विंडोजच्याच कमांडने ते होतं, पण सवय नसेल तर माहीतगार माणसाकडून करवून घ्या. पुढे कधीही विंडोज नव्याने टाकाल तेव्हा बाकीच्या डिस्कांच्या केबल काढूनच टाका.

आता ड्राइव्हवर काय आहे त्याकडे वळू. टॅलीचा डेटा आकाराने लहान, पण रोज बदलतो आणि एक दिवस मागे गेलं तरी त्रास होतो. फोटो आणि व्हिडिओ आकाराने अवाढव्य. त्यात भर पडते पण जुन्यात बदल होत नाही. त्यांचा धोका वेगळा आहे: डिलीट झालेलं लगेच लक्षात येत नाही. मुलाने जागा करायला म्हणून उडवलेला फोल्डर पुढच्या दिवाळीत आठवतो.

वडिलांचं काम मात्र मला सगळ्यात नाजूक वाटतं, आणि ते तुम्ही ‘जुन्या फायली’ म्हणून शेवटी लिहिलं आहे. त्या काळातलं मराठी टाइपसेटिंग म्हणजे बहुधा पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी किंवा आकृतीसारखे युनिकोडपूर्व फॉण्ट. त्या फायलींमध्ये मराठी अक्षरं आज आपण मोबाइलवर लिहितो तशा युनिकोड संकेतांत साठवलेली नसतात. तोच फॉण्ट मशीनवर असेल तर ‘श्री गजानन प्रसन्न’ दिसतं, नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फॉण्ट असतात सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फॉण्ट्स फोल्डरमध्ये. म्हणजे डेटाच्या डिस्कचा शंभर टक्के चोख बॅकअप घेऊनही स्मरणिका, लग्नपत्रिका, सगळं वाचता न येण्याजोगं परत मिळू शकतं. वडिलांना विचारून त्या सॉफ्टवेअरची सीडी, फॉण्टच्या फायली आणि हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी मशीनला लावावा लागणारा तुकडा) असेल तर तो, हे सगळं एका जागी आणा. ती १ टीबीची डिस्क जुन्या मशीनचीच असेल आणि फॉरमॅट केली नसेल, तर तिच्यावर जुनं विंडोज आणि त्यातले फॉण्ट अजून असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून तिच्यातलं काहीही ‘साफ’ करण्यापूर्वी त्या पूर्ण डिस्कची एकदा इमेज काढून ठेवा. आणि महत्त्वाच्या कामांच्या, फॉण्ट आत बसवलेल्या पीडीएफ करून घ्या. वडील शेजारी बसून कोणती फाइल कशाची हे सांगू शकतात तोवर हे काम निम्म्या वेळात होतं.

त्या डिस्कची तब्येतही बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कचे ‘स्मार्ट’ आकडे, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दाखवतं. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (दोन्ही डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांची मोजणी) पुढे शून्याऐवजी काही दिसायला लागलं आणि ते वाढत असेल, तर बॅकअपची योजना आखत बसू नका. त्याच दिवशी सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी हाताने कॉपी करून घ्या, मग बाकीचं. मरायला टेकलेल्या डिस्कवर सलग पाच-सहा तास इमेजचं काम लावणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

बॅकअप सॉफ्टवेअरच्या मुळात दोन जाती आहेत. एक जात इमेज घेते: पार्टिशनचा वापरलेला सगळा भाग, विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग, लायसन्ससकट एका मोठ्या फाइलमध्ये. दुसरी जात फायलींच्या प्रती ठेवते. इमेजमधून मशीन जसंच्या तसं उभं राहतं, पण ती फाइल उघडायला बहुधा तेच सॉफ्टवेअर लागतं. शिवाय रोजच्या इमेज या साखळीसारख्या असतात. आधी एक पूर्ण, मग फक्त बदल, मग त्यावरचे बदल. मधली एक कडी खराब झाली की तिच्यापुढच्या सगळ्या निकामी. फायलींची साधी प्रत विंडोज उभं करू शकत नाही, पण कुठल्याही कॉम्प्युटरला लावली की कुणीही उघडू शकतं. घरच्या बॅकअपमध्ये मी या ‘कुणीही’ला फार वजन देतो. तुम्ही परगावी असाल, आजारी असाल, तेव्हा वहिनींना किंवा वडिलांना ती डिस्क शेजारच्या लॅपटॉपला लावून मुंजीचा फोल्डर उघडता आला पाहिजे. म्हणून माझा रिवाज असा: सिस्टम ड्राइव्हची इमेज, आणि डेटाच्या ड्राइव्हची जुन्या आवृत्त्या जपणारी साधी प्रत. दोन कामं, दोन सॉफ्टवेअर. तुमच्या ‘एका झटक्यात’च्या अटीवर मी इथेच काट मारतो आहे.

इमेजसाठी घरगुती मशीनवर मी सध्या वीम एजंट फॉर मायक्रोसॉफ्ट विंडोजची फुकट आवृत्ती बसवतो. उतरवून घ्यायला ईमेल देऊन नोंदणी करावी लागते, एवढीच कटकट. फुकट आवृत्तीत एकच बॅकअप जॉब बनवता येतो, पण आपल्याला सिस्टमसाठी एकच हवा आहे. व्हॉल्यूम निवडताना त्यात ‘ऑपरेटिंग सिस्टम’ अशी वेगळी टिक आहे, ती करा. मग विंडोज सुरू करायला लागणारी छोटी पार्टिशन्सही इमेजमध्ये येतात. मला आवडणारी गोष्ट म्हणजे एक्स्टर्नल डिस्क जोडली की बॅकअप सुरू, आणि संपला की सॉफ्टवेअर स्वतःच डिस्क इजेक्ट करतं. त्याचं महत्त्व पुढे येईल. हासलिओ, एओएमईआय यांच्याही फुकट आवृत्त्या आहेत आणि काम करतात. मॅक्रिअम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती वापरा असा सल्ला तुम्हाला अजूनही मिळेल. ती छान होती, पण १ जानेवारी २०२४ पासून तिला सुरक्षेचे अपडेटही मिळत नाहीत, तेव्हा नव्याने तिच्या वाटेला जाऊ नका. आणखी एक मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही: सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल आपल्या डिस्का वापरणाऱ्यांना अॅक्रोनिसची मर्यादित आवृत्ती फुकट देतात. त्यांची डिस्क मशीनला लावलेली असली की ती चालते.

डेटासाठी फ्रीफाइलसिंक. त्यात ‘मिरर’ निवडा, पण डिलीट झालेल्या आणि बदललेल्या फायलींसाठी ‘व्हर्जनिंग’ चालू करून वेगळा फोल्डर द्या. हे विसरलात तर मिरर म्हणजे दुधारी शस्त्र आहे: मुलाने इकडे फोल्डर उडवला की पुढच्या वेळी सॉफ्टवेअर इमानेइतबारे तिकडचाही उडवतं. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड वापरणाऱ्या हौशी मंडळींनाही हेच सांगणं आहे, त्याचा ‘मिर’ हा स्विच फार आज्ञाधारक आहे. फ्रीफाइलसिंकला स्वतःचं वेळापत्रक नाही, बॅच जॉब सेव्ह करून विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये टाकावा लागतो. मी घरच्या लोकांना बॅच जॉबचा आयकॉन डेस्कटॉपवर काढून देतो आणि रविवारी चहानंतर डबल क्लिक करा म्हणतो. यातून जे काम होतं ते शेड्यूलरपेक्षा कमी नसतं, कारण डिस्क जोडायला माणूस लागतोच.

टॅलीबद्दल एक स्वतंत्र गोष्ट. प्रोग्रॅम उघडा असताना त्याच्या डेटा फायली नुसत्या कॉपी केल्या तर अर्धवट अवस्थेत कॉपी होऊ शकतात. विंडोजमधली व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सोय वापरणारी सॉफ्टवेअर त्या क्षणाचा स्थिर फोटो घेऊन त्यातून कॉपी करतात, इमेजवाली बहुतेक सगळी ती वापरतात. तरीही टॅलीच्या मेन्यूतला स्वतःचा बॅकअप रोज काम संपल्यावर घ्यायची सवय वहिनींना लावा, आणि तो २ टीबीच्या डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये जाऊ द्या. म्हणजे एसएसडी आणि हार्ड डिस्क अशा दोन खऱ्या डिस्कांवर तो लगेच झाला, आणि रविवारच्या प्रतीत तिसऱ्या जागीही गेला.

विंडोजच्या आतच सगळं असताना हे कशाला, असं वाटेल. विंडोज ११ मधलं ‘विंडोज बॅकअप’ तुमचे ठरावीक फोल्डर आणि सेटिंग वनड्राइव्हवर पाठवतं, आणि फुकटात तिथे ५ जीबी मिळतात. तुमचे फोटो १.१ टीबी आहेत, म्हणजे विषय संपला. कंट्रोल पॅनेलमधलं फाइल हिस्टरी जुन्या आवृत्त्या चांगल्या ठेवतं, पण ते मुळात लायब्ररी आणि डेस्कटॉपसारख्या फोल्डरांकडेच बघतं. दुसऱ्या ड्राइव्हवरचा फोल्डर लायब्ररीत घातला नाही तर तो गुपचूप बाहेर राहतो. अनेक ड्राइव्हवाल्यांना ते याच कारणासाठी मी सुचवत नाही. आणि ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या नावाने जी सिस्टम इमेजची सोय उरली आहे, तिच्याऐवजी इतरांची सॉफ्टवेअर वापरा असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०१७ पासून सांगितलेलं आहे.

वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह ही सिंकची सोय आहे. इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं. कचरापेटीत ३० दिवस राहतं आणि जातं. शिवाय वनड्राइव्ह चालू असेल तर काही फायली तुमच्या मशीनवर नावापुरत्याच असतात, खरी फाइल ढगात. त्या फोल्डरची प्रत घेताना रिकामी नावं येत नाहीत ना, हे एकदा उघडून बघा. दोन डिस्का एकमेकींच्या आरशासारख्या लावणारं रेड किंवा स्टोरेज स्पेसेस यांच्याबद्दलही हेच. एक डिस्क मेली तरी मशीन चालू राहतं, पण चुकून उडवलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी उडते.

आता आकडेमोड, कारण तुमची २ टीबीची एक्स्टर्नल पुरणार नाही. फोटो १.१, वडिलांचं ०.४ आणि एसएसडीवरचा वापरलेला भाग, तो आपण ०.२ धरू, असे १.७ टीबी झाले. डबीवर २ टीबी लिहिलेलं असतं ते विंडोजमध्ये १.८१ दिसतं. जुन्या आवृत्त्यांना जागाच उरत नाही, आणि जागा संपली की सॉफ्टवेअर एकतर जुनं उडवतं किंवा थांबतं. ‘कॉम्प्रेशन करून निम्म्यात बसवतो’ अशा जाहिरातींवर जाऊ नका. जेपीजी आणि एमपी४ आधीच दाबलेल्या असतात, त्या आणखी आकसत नाहीत. सिस्टमची इमेज तेवढी बऱ्यापैकी आकसते. सगळ्याच्या प्रतीला ४ टीबीची डिस्क घ्या. २ टीबीची आहे तिला मी दुसरं काम देणार आहे.

डिस्क मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टलाच लावा. यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे १ टीबीला आठ तास. यूएसबी ३ वर साधी हार्ड डिस्क ११० एमबी दिली तरी अडीच तासांत काम होतं. पहिल्या वेळी याहून जास्त लागेल, कारण खिशातल्या बऱ्याच पोर्टेबल डिस्का अशा तंत्राने बनवलेल्या असतात की सलग मोठं लेखन आलं की त्या मंदावतात. घाबरू नका, रात्रभर चालू द्या. डिस्क फॉरमॅट करताना विचारतात त्या प्रकारांपैकी एनटीएफएस निवडलेला असू द्या. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि एक्सफॅट अचानक वीज गेली की जास्त लवकर बिघडतं.

मघाशी इजेक्टचं महत्त्व म्हटलं ते हे. एक्स्टर्नल डिस्क कायम मशीनला लावून ठेवणं हा आमच्याकडे येणाऱ्या घरांतला सगळ्यात मोठा दोष. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवताना येणारं ‘स्टॉप’ कुटुंबातलं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) घरगुती मशीनमध्ये भरपूर सापडतं. ते सी, डी, ई असा भेद करत नाही. ज्याला अक्षर आहे ते सगळं कुलूपबंद करतं, लावलेली बॅकअप डिस्कसुद्धा. मशीनमधला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जाताना आतल्या सगळ्या डिस्का सोबत घेऊन गेल्याचंही मी पाहिलं आहे. बॅकअप संपला की डिस्क काढा, कपाटात ठेवा.

पण कोणत्या कपाटात? ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, आणि तुमच्या अकोट्यासह फतेगंज, समा या भागांत घरांत पाणी शिरलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतरच्या दिवसांत दुरुस्तीला आलेल्या मशीनची गोष्ट सारखीच होती. कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. पुराच्या पाण्याबरोबर नदीतली मगर अंगणात आली की माणूस मुलं आणि म्हातारी माणसं वर नेतो, ड्रॉवर उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे. (भिजलेली हार्ड डिस्क सुकवून चालू करून बघू नका. हेअर ड्रायरही नको. तशीच बंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.)

म्हणून तुमच्या बाबतीत एक प्रत घराबाहेर असणं ही चैन म्हणता येणार नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१चा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. आणि त्याची अडचण तुमच्यासारखीच होती: फोटो भरपूर, डिस्का अनेक. तुमची २ टीबीची डिस्क या कामाला लावा. तिच्यावर फोटो, वडिलांचं काम आणि टॅलीचा बॅकअप घ्या, जुन्या आवृत्त्या नकोत, मग ती पुरते. ती पूर येत नाही अशा ठिकाणच्या नातेवाइकांकडे ठेवा. आपल्या मराठी घरांत बहुतेकांचं कुणी ना कुणी पुण्या-मुंबईला असतं. गणपतीला किंवा दिवाळीला जाताना डिस्क न्यायची, आधीची आणायची असं चालवणारी घरं आहेत. तुमचं जाणं-येणं नसेल तर इथलाच वरच्या मजल्यावरचा स्नेही चालेल, फक्त पावसाळ्यापूर्वी एकदा प्रत ताजी करा. ती डिस्क विंडोजमधल्या बिटलॉकर या कुलपाने बंद करता येते (त्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते), पण ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून दुसऱ्या घरी ठेवावी लागते. ती मशीनच्याच डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइलमध्ये ठेवणारे महाभाग आहेत.

इंटरनेटवर घराबाहेरची प्रत ठेवायची का, हे तुमच्या अपलोडच्या वेगावर ठरतं. खरोखर ५० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर १.१ टीबी दोन दिवस सलग लागतील. १० मिळत असेल तर दहा दिवस. डाउनलोडचा वेग बघून फसू नका, प्लॅनमध्ये अपलोड बरेचदा वेगळा असतो, आणि महिन्याची डेटा मर्यादाही बघा. अनेक ड्राइव्ह असलेल्यांना बॅकब्लेझ या इंटरनेटवर बॅकअप ठेवणाऱ्या कंपनीची घरगुती योजना सोयीची पडते, कारण ती एका मशीनचे आतले आणि जोडलेले सगळे ड्राइव्ह, आकाराची मर्यादा न घालता घेते. दोन अटी लक्षात ठेवा: विंडोज आणि प्रोग्रॅम ती घेत नाही, आणि बाहेरची डिस्क ठरावीक मुदतीत पुन्हा जोडली नाही तर तिची तिथली प्रत काढून टाकली जाते. हे पैसे द्यायचे नसतील तर निदान टॅलीचा बॅकअप आणि वडिलांच्या पीडीएफ तरी गूगल ड्राइव्हच्या फुकट १५ जीबीत टाका. त्या बसतील.

सगळं लावून झालं की एका शनिवारी दोन तास काढा आणि परत आणून बघा. वीममधून रिकव्हरी मीडिया नावाचा पेनड्राइव्ह बनतो. तो लावून मशीन खरंच त्यावरून सुरू होतं का, आणि सुरू झाल्यावर त्याला एसएसडी दिसते का, हे पाहा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक मशीनमध्ये व्हीएमडी नावाची डिस्का हाताळणारी व्यवस्था चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर (ती ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हमध्ये नसेल तर रिकव्हरीच्या स्क्रीनवर एसएसडीच गायब असते. मीडिया बनवताना ‘या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर घाला’ अशी टिक असते, ती राहू द्या. प्रत्यक्ष रिस्टोअर तेव्हा करायची गरज नाही, ‘नेक्स्ट’च्या शेवटच्या पायरीआधी मागे फिरा. फोटोंच्या प्रतीतून मात्र दहा-वीस फायली दुसऱ्या लॅपटॉपवर खरोखर उघडा, त्यात एखादा लांब व्हिडिओ असू द्या. आणि वडिलांची एक जुनी लग्नपत्रिका, फॉण्टसकट.

थोडक्यात तुमचा क्रम असा: डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय कुठे आहे ते बघणं, जुन्या डिस्कची तब्येत तपासून तिची एकदा पूर्ण इमेज, नवी ४ टीबी, त्यावर वीमने एसएसडीची इमेज आणि फ्रीफाइलसिंकने बाकी दोन, २ टीबी घराबाहेर. यातलं जुन्या डिस्कचं काम या आठवड्यात करा, बाकी पुढच्या पगारानंतर चालेल. जुन्या डिस्कची इमेज वीमच्या त्या एका जॉबमध्ये अडकवू नका; मायक्रोसॉफ्टचं डिस्क२व्हीएचडी हे छोटं फुकट साधन वापरा. त्याची व्हीएचडीएक्स फाइल विंडोजमध्ये डबल क्लिक करून ड्राइव्हसारखी उघडते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

पैसे देऊन घ्यावं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एकाच खिडकीतून इमेज, फायली आणि इंटरनेटवरची प्रत सांभाळायची असेल आणि बिघडल्यावर कुणाला तरी विचारता यावं असं वाटत असेल, तर अॅक्रोनिससारखं वर्गणीचं सॉफ्टवेअर घेण्यात गैर काही नाही. घेण्याआधी दोन गोष्टी त्यांना विचारा: वर्गणी संपल्यावर जुन्या बॅकअपमधून रिस्टोअर करता येतं का, आणि इमेज उघडायला दुसऱ्या मशीनवरही पैसे भरावे लागतात का. घरात एकच मशीन आहे आणि रविवारी डिस्क जोडायला कुणीतरी तयार आहे, तोवर माझं मत असं की ते पैसे ४ टीबीच्या डिस्कमध्ये आणि कॅबिनेटला टेबलावर चढवणाऱ्या एका स्टँडमध्ये घाला.